पाचगणीची शाळा, साताऱ्याचे गोणपाट : 'ब्रिटिश अभ्यासक्रम' समजून घेताना

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण साताऱ्यात राजवाडा परिसरातील शाळेपुढे जमतो. १९०० साली याच तारखेला त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. वर्ग होता इंग्रजी पहिली. त्या वेळचे सरकारी हायस्कूल म्हणजेच आजचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळते. भाषणे होतात, अभिवादन होते, फोटो निघतात.

कार्यक्रम संपला की चहाच्या टपरीवर मात्र वेगळाच विषय निघतो. कुणाचा भाऊ दुबईत आहे, कुणाची बहीण मिरजेत नर्सिंग करून मस्कतला गेली आहे. तिथे जवळच एक छोटी इंटरनॅशनल प्राथमिक शाळा आहे, ब्रिटिश अभ्यासक्रमाची. पोराला तिथे घालायचे का? इकडे सातारा-सांगलीतही नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या शाळांच्या पिवळ्या बस दारापुढून जातात. त्यांची फी भरायला कुणी पतसंस्थेचे कर्ज काढतो, कुणी दागिने गहाण टाकतो. आपल्या समाजात शिक्षणासाठी काहीही करायची तयारी आहे, ही आपली ताकद आहे. म्हणूनच ज्या गोष्टीसाठी एवढे मोजायचे ती नक्की काय आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

एका जिल्ह्यातल्या दोन इंग्रजी शाळा

'परदेशातली छोटी ब्रिटिश शाळा' ही आपल्याला नवी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात अशा शाळा सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातच निघाल्या. फरक एवढाच की तेव्हा परदेश म्हणजे आपला देश होता.

पाचगणी हे गिरिस्थान इंग्रजांनी वसवले. तिथल्या वसाहतीचे काम जॉन चेसन नावाच्या इंग्रजाकडे होते. थंड, कोरडी हवा इंग्रजी कुटुंबांना मानवली. मुलांना शिकायला थेट इंग्लंडला पाठवणे सगळ्यांना परवडत नव्हते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे निवासी शाळा निघू लागल्या. १८९५ मध्ये सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आले, १८९८ मध्ये किमिन्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपियन मुलग्यांसाठी शाळा झाली, तीच आजची सेंट पीटर्स. पुढे पारशी मुलांसाठी हायस्कूल निघाले, हिंदू मुलांसाठी वेगळे निघाले. युरोपियन शाळांना सरकारी नियम वेगळे होते आणि परीक्षा केंब्रिजच्या होत्या. मुलगा सह्याद्रीत राहायचा, पण त्याचा अभ्यास इंग्लंडचा असायचा.

आता डोंगर उतरून वाईमार्गे साताऱ्याला या. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. किमिन्स सुरू होऊन दोन वर्षे झाली होती तेव्हा नऊ वर्षांचा भिवा साताऱ्यात इंग्रजी पहिलीत बसला. ती शाळाही इंग्रज सरकारचीच होती. चार इयत्ता मराठी झाल्या की इंग्रजी इयत्ता सुरू होत आणि त्यांचा शेवट मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला होई. इंग्रजी भाषा, गणित, इतिहास, भूगोल असा त्या काळच्या साहेबाने ठरवलेला अभ्यास होता.

मग फरक कुठे होता? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी तो नोंदवून ठेवला आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतर मुलांपासून दूर. ते गोणपाट शाळेतल्या झाडूवाल्याने शिवायचे नाही, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही.

वर्गात शिकवले जात होते ते इंग्रजांचे होते. गोणपाट मात्र इंग्लंडहून आले नव्हते, ते आपल्या समाजव्यवस्थेने अंथरले होते. इंग्रज सरकारने ते तसेच अंथरलेले राहू दिले, हाही इतिहास आहे. पाचगणीत रंग पाहून दार उघडायचे, साताऱ्यात दार उघडे होते पण जात पाहून जागा ठरायची. अभ्यासक्रम कितीही चांगला असो, शाळेत कोणाला घेतात आणि घेतल्यावर कुठे बसवतात, हे तो ठरवत नाही. या लेखाचे सार एवढेच आहे. पुढची सगळी माहिती याच कसोटीवर वाचा.

ब्रिटिश अभ्यासक्रम म्हणजे काय?

पहिली गोष्ट, 'ब्रिटिश' हा शब्दच ढोबळ आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. परदेशातल्या शाळा ज्याला ब्रिटिश म्हणतात तो बहुतेक वेळा इंग्लंडचा 'नॅशनल करिक्युलम' असतो. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तो आला आणि सध्याची आवृत्ती २०१४ पासून लागू झाली. खुद्द इंग्लंडमध्येही खासगी शाळांवर तो बंधनकारक नाही.

प्राथमिक शाळेचे त्यात तीन टप्पे आहेत. पाच वर्षांपर्यंत 'अर्ली इयर्स', म्हणजे खेळ, बोलणे, हात-डोळ्यांचे काम, अक्षरांच्या ध्वनींची ओळख. पाच ते सात वयाला 'की स्टेज १', म्हणजे इयर १ आणि २. सात ते अकरा वयाला 'की स्टेज २', म्हणजे इयर ३ ते ६. इंग्रजी, गणित आणि विज्ञान हे गाभ्याचे विषय. त्यांच्या जोडीला इतिहास, भूगोल, संगणक, चित्रकला, संगीत, हस्तकौशल्य आणि खेळ. इयर ३ पासून एक परकी भाषाही असते.

वाचन 'फोनिक्स' पद्धतीने शिकवतात. आधी अक्षराचा ध्वनी, मग ध्वनी जोडून शब्द. इंग्लंडमध्ये इयर १ च्या शेवटी मुलाला ध्वनी जोडून वाचता येते का, याची छोटी तपासणी होते. इयर ४ मध्ये बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंतच्या पाढ्यांची तपासणी होते. पाढे फक्त आपल्याकडेच पाठ करून घेतात, असे समजण्याचे कारण नाही. इयर ६ च्या शेवटी वाचन आणि गणिताच्या राष्ट्रीय परीक्षा असतात. परदेशातल्या शाळांना या परीक्षा घेणे सक्तीचे नाही. काही शाळा त्याऐवजी केंब्रिजचा 'प्रायमरी' कार्यक्रम वापरतात. तोही पाच ते अकरा वयासाठी आणि सहा टप्प्यांचा आहे.

धर्मशिक्षण नॅशनल करिक्युलमच्या यादीत नाही, पण इंग्लंडच्या सरकारी शाळांत ते द्यावे लागते. तिथे अभ्यासल्या जाणाऱ्या प्रमुख धर्मांत बौद्ध धम्म आहे. म्हणजे लीड्स किंवा लेस्टरच्या एखाद्या वर्गात बुद्धांचे नाव आदराने घेतले जाते. परदेशातली ब्रिटिश शाळा हा विषय शिकवते की नाही, हे मात्र त्या देशाच्या कायद्यावर आणि शाळेवर अवलंबून असते. इतिहासात जगातल्या पहिल्या संस्कृतींपैकी एक निवडायची असते, त्यात सिंधू संस्कृतीचा पर्याय आहे. तथागत, सम्राट अशोक आणि बाबासाहेब यांची सलग ओळख तिथे होणार नाही. ती आपल्यालाच घरी आणि विहारात करून द्यावी लागेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्राथमिक टप्प्याच्या शेवटी पुढे उपयोगी पडेल असे कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही. ब्रिटिश पद्धतीत वजनदार परीक्षा सोळाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी येतात. भारतातल्या विद्यापीठांत प्रवेश घेताना त्या परीक्षांची समकक्षता पाहिली जाते. सहा वर्षांच्या मुलाला ब्रिटिश शाळेत घातले म्हणून त्याचे ऑक्सफर्ड ठरत नाही. त्या वयात मिळवायचे ते वाचनाची गोडी, संख्येची समज आणि न घाबरता प्रश्न विचारण्याची सवय.

छोटी शाळा : जमेच्या आणि उण्या बाजू

परदेशातल्या छोट्या इंटरनॅशनल शाळेचे गुण खरे आहेत. वर्गात मुले कमी असतात. शिक्षिकेला प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाची अडचण माहीत असते. शेजारी बसणारा मुलगा केनियाचा असतो, फिलिपिन्सचा असतो, लेबनॉनचा असतो. त्याला आपल्या आडनावातून काहीच कळत नाही. आपल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फक्त 'मूल' म्हणून वर्गात बसता येते. ज्यांच्या आज्या-पणज्या शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण छोटेपणाच्या अडचणीही असतात. मुले कमी असली की दोन इयत्ता एका वर्गात बसवाव्या लागतात. शिक्षक दोन-तीन वर्षांच्या करारावर येतात आणि जातात. वाचायला अडणाऱ्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी खास शिक्षक असतोच असे नाही. मुलांची संख्या घटली तर शाळा बंद पडू शकते. शिवाय फी कंपनी भरत असेल तर नोकरी गेल्यावर शाळाही जाते.

म्हणून प्रवेशाआधी हे प्रश्न विचारा. शाळेची तपासणी कोण करते आणि शेवटचा अहवाल कधीचा आहे? इंग्लंडच्या शिक्षण खात्याची परदेशी ब्रिटिश शाळांसाठी तपासणीची योजना आहे; त्यात शाळा आहे का, हे पाहता येते. दुबईत शाळांचे तपासणी अहवाल तिथले शिक्षण प्राधिकरण सर्वांसाठी खुले ठेवते, ते वाचा. शिक्षक किती वर्षे टिकतात? घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीसाठी काय मदत मिळते? आणि आखातात असाल तर तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी किती आहे? ती साधारणपणे ब्रिटिश शाळांपेक्षा कमी असते. दोन-चार वर्षांत परत यायचे असेल तर तोच मार्ग सोयीचा ठरू शकतो.

एक गोष्ट परदेशातही संपत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर भारतीय पालकांचे घोळके जमतात आणि तिथे 'गाव कुठलं, आडनाव काय' हे सुरूच असते. ब्रिटनमध्ये समता कायद्यात जातीचा उल्लेख स्पष्टपणे यावा यासाठी मोठी चळवळ झाली. २०१३ मध्ये संसदेने तशी तरतूद केली, पण २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरवले. मुलाला हे योग्य वयात, घाबरवून न टाकता सांगावे लागते. लपवलेली ओळख पुढे ओझे होते.

परत आल्यावर

परतणाऱ्या कुटुंबांची नेहमीची चूक इयत्तेच्या आकड्याची असते. इंग्लंडच्या पद्धतीत इयर १ पाचव्या वर्षी सुरू होते, आपल्याकडे पहिली सहाव्या वर्षी. म्हणून आकड्यातून एक वजा करायचा. तिकडचे इयर ३ म्हणजे इकडची दुसरी, तिकडचे इयर ६ म्हणजे इकडची पाचवी. इयर ३ झाले म्हणून मुलाला चौथीत बसवले तर ते वर्षभर मोठ्या मुलांच्या मागे धावत राहते आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला लागतो. शाळेची वर्षेही वेगळी आहेत. तिकडे वर्ष सप्टेंबरला सुरू होते, इकडे जूनला. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतीचे अहवाल निघतानाच हातात घ्या.

दुसरी अडचण मराठीची. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. चार वर्षे देवनागरी न वाचलेले मूल सांगलीच्या वर्गात एकदम मुके होते. उपाय साधा आहे. परदेशात असताना रोज वीस मिनिटे मराठी वाचन आणि आठवड्याला आजीला हाताने लिहिलेले एक पत्र. मराठी गेली तर बाबासाहेबांची 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत'मधली मराठीही त्या मुलाला परकी होईल.

इकडची 'इंटरनॅशनल' पाटी

आता आपल्या गावाकडे वळू. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' असले म्हणजे अभ्यासक्रम परदेशी आहे असे नाही. कित्येक ठिकाणी आत राज्य मंडळाचा किंवा सीबीएसईचाच अभ्यास चालतो. पाचगणीच्या जुन्या शाळांचेच पाहा. केंब्रिजच्या पुढाकाराने १९५८ मध्ये भारतीय परीक्षा परिषद स्थापन झाली आणि पुढे तिच्या आयसीएसई परीक्षेने केंब्रिजच्या परीक्षेची जागा घेतली. पाटी तीच राहिली तरी आतला अभ्यास बदलू शकतो.

सरकारनेही हा शब्द वापरून पाहिला आहे. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ सुरू झाले आणि काही जिल्हा परिषद शाळा त्याला जोडल्या गेल्या. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळले गेले. गरिबांच्या शाळेला आंतरराष्ट्रीय म्हणायला दोन वर्षे पुरली, ती टिकवायला राजकीय इच्छा पुरली नाही.

म्हणून पाटीपेक्षा कागद पाहा. युडायस क्रमांक आहे का, कोणत्या मंडळाची संलग्नता आहे, केंब्रिजचे नाव घेत असतील तर केंब्रिजच्या यादीत शाळा आहे का. फी वाढवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने तो अधिकार पालकांना दिला आहे. त्या समितीत आपले पालक असतात का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आणि कर्ज काढण्याआधी शिक्षण हक्क कायद्याचे कलम १२(१)(क) वाचा. खासगी विनाअनुदानित शाळांना, मंडळ कोणतेही असो, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. हा हक्क कुणी भीक म्हणून दिलेला नाही, तो लढून राखलेला आहे. तरीही अर्जाची मुदत आपल्या वस्तीत कळते ती बहुतेकदा संपल्यावर.

या हक्कालाही मर्यादा आहेत. तो आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी समोर उभी राहते. गणवेश, बस, सहल यांचा खर्च वेगळाच. आणि काही ठिकाणी या मुलांकडे 'पंचवीस टक्केवाले' म्हणून पाहिले जाते. गोणपाट गेले, तरी बसवण्याची वेगळी जागा शब्दांतून तयार होते. तिथे कार्यकर्त्याने शाळेत जाऊन बोलायचे असते.

आपल्या मातीतला दुसरा धडा

सातारा-सांगलीत शाळेचा एक तिसरा नमुनाही घडला. तो पाचगणीचा नव्हता आणि राजवाड्यातला नव्हता. भाऊराव पाटलांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. पुढे वाळवा तालुक्यात नेर्ले आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. अभ्यासक्रम नेहमीचाच, सरकारी. बदलली होती ती पंगत.

त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. शेतकऱ्यांच्या कष्टातून आलेला सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, तो बहुजनांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, अशी त्यांची मागणी होती. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीमाईंचे जन्मगाव नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातच.

परदेशातही आपल्या नावाची एक छोटी शाळा आहे. हंगेरीत साजोकाझा या गावी रोमा समाजातल्या मुलांसाठी २००७ मध्ये डॉ. आंबेडकर यांच्या नावाने शाळा सुरू झाली. रोमा मुलांना तिथे वेगळ्या वर्गांत, वेगळ्या शाळांत ढकलले जाते. बाबासाहेबांविषयी वाचून त्यांच्यातल्या कार्यकर्त्यांना आपलाच इतिहास दिसला. ती शाळा प्राथमिक नाही आणि ब्रिटिशही नाही. अर्धवट शाळा सुटलेल्या मुलांना ती शालान्त परीक्षेपर्यंत नेते. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द खऱ्या अर्थाने शोभावा अशी ती शाळा आहे.

मग करायचे काय?

परदेशात असाल आणि चांगली छोटी ब्रिटिश शाळा परवडत असेल तर खुशाल घाला. बाबासाहेब स्वतः कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले. आजही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्याची परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण ती विद्यापीठासाठी आहे आणि तिथवर पोहोचणारी बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच जाणार आहेत. म्हणून परदेशातल्या भावा-बहिणींनी आपल्या पोराच्या फीबरोबर गावच्या शाळेतल्या वाचनालयाचीही आठवण ठेवावी.

गावात असाल तर येत्या विद्यार्थी दिनाला हार घालून झाल्यावर तीन कामे घ्या. विहारात पंचवीस टक्के प्रवेशाचे मदत केंद्र सुरू करा आणि जातीचे दाखले, रहिवासाचे पुरावे आधीच तयार ठेवा. आपल्या वस्तीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत जा आणि तिसरीतल्या प्रत्येक मुलाला एक पान वाचता येते का, ते स्वतः ऐका. आणि ज्या शाळेत आपली मुले जातात, मग ती इंटरनॅशनल असो वा जिल्हा परिषदेची, तिथे ती कुठे बसतात आणि पाणी कुठे पितात, हे डोळ्यांनी पाहून या.

जय भीम. नमो बुद्धाय.